कंदिलाचे दोन तास

सावरपेठेत मगदूमबाई दारात दिसल्या, की लोकांना आधी माडीवर न विचारता बांधलेली खोली आठवायची आणि मग चहा ठेवायचं सुचायचं. एकतीस वर्षं नगरपरिषदेच्या कर विभागात काढलेल्या बाईचा एवढा दरारा असायचाच. शैलजा मगदूम भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि भिंत कोणत्या साली उभी राहिली ते सांगायची. एखाद-दुसरं वर्ष इकडेतिकडे व्हायचं, पण त्यापलीकडे ती चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तरीही २०४४ च्या मार्चमध्ये, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, तिची परीक्षा होती. सकाळपासून तिनं चष्मा चारदा पुसला होता आणि मोजपट्टी पर्समध्ये आहे ना हे त्याहून जास्त वेळा पाहिलं होतं.

मालमत्ता कराचं मूल्यांकन करणाऱ्या प्रत्येकाला आता प्रमाणपत्र लागत होतं. ते तीन वर्षं चालायचं. पुढच्या तीन वर्षांसाठी साठ तासांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं आणि शेवटी एक प्रात्यक्षिक द्यायचं. विभागातले बाकीचे लोक या साठ तासांच्या नावानं बोटं मोडत. शैलजा मात्र वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत बसायची. नवीन काही शिकायला मिळणार म्हटलं, की या बाईच्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं. आणि या वर्षी तर शिकायला घनदर्शक होता!

घनदर्शक हे त्या यंत्राचं सरकारी नाव. नगरपरिषदेत आल्यापासून तिसऱ्या दिवशी शिपायांनी त्याचा घनश्याम करून टाकला होता. त्याचं काम समजायला सोपं आहे. म्यूऑन नावाचा एक कण असतो. इलेक्ट्रॉनचा दोनशेपट वजनदार भाऊ म्हणा. आकाशातून तो सतत खाली येत असतो. हे वाक्य वाचता वाचता तुमच्या तळहातातून दोन-चार म्यूऑन आरपार गेलेही, आणि तुम्हाला काही कळलं नाही. दगड-विटांतूनही तो जातो, पण थर जितका जाड तितके जास्त कण वाटेत अडकतात. पलीकडे किती पोचले ते मोजलं, की मध्ये कुठे दगड आहे, कुठे वीट आहे आणि कुठे नुसतीच पोकळी आहे ते कळतं. अडचण एवढीच होती, की आकाशातून येणारे कण फार विरळ. एका मोठ्या इमारतीचं चित्र मिळायला महिने जायचे. मग लेझरच्या झोतानं हवे तितके म्यूऑन तयार करणारी नळी निघाली. ती लहान होत होत टेम्पोत मावली आणि महिन्यांचं काम वीस मिनिटांवर आलं. घराच्या एका बाजूला टेम्पो उभा करायचा, दुसऱ्या बाजूला कण टिपणारी चादर ताणायची. जमिनीखालचं पाहायचं, तर तशीच एक पट्टी गल्लीतल्या बंद पडलेल्या बोअरवेलमध्ये सोडायची. कोरड्या बोअरवेलचा सावरपेठेत तोटा नव्हता.

म्हणजे आता कोणाच्या घरात पाऊल न टाकता घराचं पोट दिसत होतं. दारातली हुज्जत गेली, "साहेब, जरा सांभाळून घ्या" गेलं. शैलजा तर पहिलं चित्र पाहून अक्षरशः टाळ्या वाजवत उठली होती.

फक्त एक नवा नियम तिच्या छातीवर बसला होता. प्रात्यक्षिकात तिनं काढलेलं मूल्य आणि घनदर्शकाचं मूल्य यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला, तर प्रमाणपत्र गेलं. प्रमाणपत्र गेलं की सही गेली. आणि सही गेली की निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसायचं. एकतीस वर्षं सगळं गाव पायाखाली घातलेल्या बाईनं एका खिडकीत बसायचं!

परीक्षक म्हणून डॉक्टर मृण्मयी सबनीस पुण्याहून आल्या. पस्तिशीच्या, बारीक केस कापलेल्या, पायात धावायचे बूट. कण टिपणारी चादर बनवणाऱ्या गटात त्या स्वतः होत्या, त्यामुळे पोटच्या पोराबद्दल बोलावं तशा त्या यंत्राबद्दल बोलायच्या.

चिठ्ठी टाकून घर निवडलं गेलं. नदीकडच्या बोळातलं, सुनंदा कोगनोळे यांचं. घनदर्शकाची फेरी या बोळात अजून झालेली नव्हती. सुनंदाबाईंचा पापडाचा धंदा. अंगणभर पापड वाळत घातलेले आणि त्यांच्यामधून कसरत करत दारापर्यंत जायचं.

शैलजा कामाला लागली. भिंतींवर टकटक केली, पावलांनी पुढचा सोपा मोजला आणि मग मोजपट्टीनं पडताळला, मागची पडवी पाहिली, पत्र्याला हात लावून पाहिला. अर्ध्या तासात आकडा काढून तिनं तो टॅबवर मोहोरबंद केला. मग टेम्पो घुमू लागला. वीस मिनिटं ती पापडांच्या कडेला उभी राहून नुसती बोटं चोळत होती.

"मगदूमबाई," मृण्मयी टॅबकडे बघत म्हणाली, "एकतीस टक्के फरक आहे."

"काय?"

"तुम्ही तळघर धरलंच नाही. पडवीखाली साडेपाच मीटर खोल तळघर आहे. नोंद नसलेलं."

सुनंदाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "तळघर? आवं मॅडम, माझ्या घराखाली गार तळघर असतं, तर ह्या उन्हाळ्यात मी वर घामाघूम होत पापड लाटत बसले असते व्हय?"

"यंत्राला दिसतंय, काकू."

"मग यंत्रालाच म्हणावं, दार कुठं हाय ते बी दाव."

शैलजाला हसू आलं नाही. तिच्या कानात नुसतं 'एकतीस' घुमत होतं. आपण म्हातारे झालो का? एवढी मोठी गोष्ट सुटली कशी? तिनं टॅब ओढून घेतला आणि चित्र फिरवून फिरवून पाहिलं. निळ्या जमिनीत एक काळी पोकळी होती. वर तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली गेल्यावर पोट सुटलेलं, रांजणासारखं.

तिनं त्या पोटावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे तळघर नाही. हे पेव आहे!"

"पेव म्हणजे?"

शैलजा बोलू लागली आणि थांबेनाच. या गावात एके काळी हळदीचा मोठा व्यापार होता. गोदामं परवडत नसत, म्हणून लोक जमिनीत खोल विहिरीसारखे खड्डे खणायचे, आतून उसाचा पाला आणि कडबा लावायचे, हळद भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून माती लोटून द्यायची. हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, बुरशी नाही. पुढे शीतगृहं आली, महापुरांत कित्येक पेवं ढासळली, उरलेल्यांवर लोकांनी घरं बांधली आणि विसरून गेले. तिचे वडील आप्पा शेडबाळे पेवांत उतरून हळद काढणारे हमाल होते.

मृण्मयीचे डोळे चमकू लागले. "म्हणजे यंत्र चुकलेलं नाही. पोकळी आहेच. फक्त आम्ही त्याला शिकवताना मोठ्या शहरांतल्या इमारती दाखवल्या. घराखाली पोकळी म्हणजे तळघर, एवढंच त्याला माहीत आहे. बाई, हे भन्नाट आहे! उघडून बघू या का? आत्ता?"

सुनंदाबाईंनाही आता राहवेना. आपल्या घराखाली काहीतरी आहे म्हटल्यावर कोण गप्प बसेल? त्यांनी पहार आणली, पडवीच्या कोपऱ्यातल्या दोन लाद्या निघाल्या, वीतभर माती निघाली आणि खाली खरोखरच गोल दगडी फरशी लागली. तिघींनी मिळून ती सरकवली. आतून जुना, कुबट, पण ओळखीचा वास आला. शैलजाला क्षणभर आप्पांचं धोतर आठवलं. ते कितीही धुतलं तरी पिवळंच असायचं.

मृण्मयीनं मोबाईलचा दिवा आत मारला. लख्ख उजेडात खालचा तळ दिसला. थोडा कुजलेला पाला, बाकी काही नाही.

"एकदम स्वच्छ आहे," असं म्हणत तिनं बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. "शिडी द्या काकू. मी उतरून मोजमाप घेते."

"थांबा!"

शैलजा इतक्या जोरात ओरडली, की अंगणातले कावळे उडाले.

"आधी कंदील."

"अहो, दिवा आहे ना माझ्याकडे."

"तो विझणारा नाही. मला विझणारा पाहिजे."

घरात कंदील नव्हता. आता कोणाच्या घरात असतो? देवघरातलं निरांजन होतं. शैलजानं ते पेटवलं, पापडाच्या पिठाच्या छोट्या बादलीत ठेवलं, बादलीला दोरी बांधली आणि हळूहळू पेवात सोडली. तिघी ओणव्या होऊन बघत होत्या. एक हात, दोन हात, तीन हात. ज्योत स्थिर होती. चौथ्या हाताला ती एकदम बारीक झाली आणि कोणी बोटांनी चिमटावी तशी विझली. वारा नाही, काही नाही.

शैलजानं बादली वर घेतली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. ज्योत त्याच जागी विझली.

मृण्मयी हळूच मागे सरकून भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा उतरला होता. शास्त्र तिला सांगायची गरज नव्हती. पाला कुजतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर येत नाही. खड्ड्यात पाण्यासारखा साठून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस चार पायऱ्या उतरला की डोकं गरगरतं, पाचवीला गुडघे वळतात, आणि त्याला काढायला उतरणाराही तिथेच पडतो. म्यूऑनांच्या दृष्टीनं चांगली हवा काय आणि मारणारी हवा काय, दोन्ही पोकळीच. मोबाईलच्या दिव्याला तर कसलीच हवा लागत नाही. खाली मरण आहे हे सांगू शकणारी एकच वस्तू या घरात होती, आणि ती देवापुढे ठेवलेली होती.

"मी उतरणार होते," मृण्मयी म्हणाली. "आत्ता, या क्षणी मी उतरणार होते."

"आप्पांचा एक जोडीदार घाईत कंदील न सोडता उतरला होता," शैलजा म्हणाली. "तो वर आलाच नाही. त्यानंतर आप्पा आम्हां भावंडांना रिकाम्या हौदात दिवा सोडायला लावून शिकवायचे."

सुनंदाबाईंनी न विचारता पाण्याचे तांबे आणून ठेवले. पाणी पिता पिता शैलजाचा हात मध्येच थांबला.

"मॅडम, गावात आणखी किती घरांखाली अशी तळघरं दाखवलीत यंत्रानं?"

मृण्मयीनं टॅबवर पाहिलं. "गेल्या महिन्याच्या फेरीत चाळीस तळघरं. त्यांतली खरी तीन दिसतात. बाकी..." तिनं एकेक चित्र सरकवलं. अरुंद तोंड, सुटलेलं पोट. अरुंद तोंड, सुटलेलं पोट. "सदतीस. पण त्यांना तर नोटिसा गेल्या आहेत. 'आपल्या मालमत्तेखाली नोंद नसलेले तळघर आढळले आहे. सात दिवसांत उघडून दाखवावे, अन्यथा दुप्पट कर.' उद्या मुदत संपते." ती थबकली. "सही तुमची आहे, बाई."

शैलजाला आठवलं. प्रशिक्षणाचे शेवटचे दोन तास. त्यात कार्यालयाचंच चालू काम वाचून तपासायचं आणि सही करायची; तेच काम शिक्षण म्हणून धरलं जायचं. त्या दिवशी ती घरी मेथी निवडत बसली होती. पहिल्या तीन नोटिसा तिनं अगदी बारकाईनं वाचल्या. एक हॉस्पिटल, एक लॉज, एक कापडदुकान. तिन्ही ठिकाणी तळघर असल्याचा तिला आधीपासूनच संशय होता, तिन्ही बरोबर. यंत्र काय हुशार आहे, असं म्हणत तिनं मेथीच्या ओल्या बोटानं 'सर्व निवडा' दाबलं आणि सही केली. दोन तासांचे गुण लगेच जमा झाले. एकतीस वर्षांत न वाचता केलेली ती तिची पहिली सही.

सदतीस घरांतली माणसं तिच्या सहीवर विश्वास ठेवून जमीन उकरत असतील. हातात मोबाईलचे दिवे घेऊन!

"यादी द्या," ती उठत म्हणाली. "तुम्ही फोन लावा. मी पळते."

बोळाच्या तोंडाशी घंटागाडी उभी होती. नेहमीचं कचऱ्याचं गाणं चालू होतं आणि चालक मुबारकभाई बिडी शिलगावत होते. शैलजा धापा टाकत आली आणि तिनं गाण्याचं बटण बंद केलं.

"मुबारकभाई, कचरा राहू दे. भोंगा चालू करा आणि पेठेत घ्या गाडी!"

"काय झालं बाई? आग लागली का कुठं?"

"आगीचीच गरज आहे. काडेपेटी द्या तुमची."

मुबारकभाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, काडेपेटी दिली आणि गाडी अशी काही पिटाळली, की मागचा कचरा उड्या मारू लागला. सुनंदाबाईंचं निरांजन, बादली आणि दोरी शैलजाच्या मांडीवर होती. मृण्मयी मागच्या पायरीवर लटकून एका हातानं फोन लावत होती. आणि सगळ्या सावरपेठेला भोंग्यातून मगदूमबाईंचा आवाज ऐकू येत होता:

"नोटीस आलेल्या लोकांनी ऐका! जमीन उकरू नका! उघडली असेल तर आत उतरू नका! नोटीस चुकीची आहे! मी शैलजा मगदूम बोलते, नोटीस माझ्या सहीची आहे आणि ती चुकीची आहे!"

लोक खिडक्यांत आले, गॅलरीत आले. एवढ्या वर्षांत कर विभागानं भोंगा लावून चूक कबूल केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. दोघा-तिघांनी तर आपल्याला काही माफी मिळते का, हेही विचारून घेतलं.

आळसानं त्या दिवशी पुष्कळांचे जीव वाचवले हे कबूल करायला हवं. सरकारी नोटीस आली, की आपल्याकडे ती आधी फ्रिजवर जाते आणि मुदतीच्या दिवशी शोधायला निघते. सदतीसांपैकी एकोणतीस जणांनी ती उघडलीही नव्हती. तिघे परगावी होते. चार घरांत पहारी चालू होत्या. एका ठिकाणी तर एक निवृत्त मास्तर पेवाच्या तोंडाशी शिडी घेऊन बसले होते आणि चहा संपायची वाट बघत होते. शैलजानं त्यांच्यासमोर निरांजन सोडलं, ते विझलं, आणि मास्तरांनी उरलेला चहा तसाच बशीत ठेवला.

"छत्तीस झाले," मृण्मयी ओरडली. "एक राहिलं. फोन उचलत नाहीत. धनपाल शेडबाळे, जुनी पेठ."

शैलजानं भोंगा बंद केला.

"माझा भाऊ आहे तो."

सहा वर्षांपूर्वी तिनं धनपालच्या गोदामाचा पोटमाळा मोजून नोंदवला होता. सख्खा भाऊ म्हणून सोडायचं कसं? ती म्हणाली नियम आहे. तो म्हणाला, ठीक आहे, मग मलाही बहीण नाही. त्यानंतर भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तसंच राहिलं, आणि त्यानं तिचा नंबर बंद करून टाकला. आणि आता तिच्याच सहीची नोटीस त्याच्या घरी गेली होती. धनपाल नोटीस फ्रिजवर ठेवणाऱ्यांतला नव्हता. बहिणीला खोटं पाडायची संधी तो सोडणं शक्यच नव्हतं.

गाडी थांबायच्या आत तिनं उडी मारली. धनपालच्या दुकानाच्या दारात आप्पांचा कंदील टांगलेला होता, आत विजेचा बल्ब बसवून, शोभेसाठी. ती आत धावली. मागच्या खोलीत फरशा उपटलेल्या होत्या, आणि मधल्या भोकातून साठीच्या धनपालचं कमरेवरचं अंग तेवढं दिसत होतं. तो शिडीवर होता. कपाळाला खाणीतल्यासारखा बॅटरीचा दिवा बांधलेला.

"दादा, वर ये!"

त्यानं मान वळवली. सहा वर्षांनी बहिणीकडे पाहिलं, आणि तेही जमिनीखालून.

"आता कशाला आलीस? तूच म्हणालीस न्हवं, उघडून दाखव? दाखवतो की. पेव हाय पेव, आप्पांच्या येळचं. तळघर म्हणं!"

"माझं चुकलं. वर ये आधी."

"चुकलं म्हणजे? खाली जाऊन फोटो काढणार, तुझ्या त्या मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवणार. मग बघू कोण चुकलं." त्यानं एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

"आत वायू आहे दादा!"

"बॅटरी मारून बघितलंय मी. लख्ख हाय सगळं."

या माणसाशी वाद घालून कधी कोणी जिंकलेलं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती बोलायची थांबली. मुबारकभाईंच्या काडेपेटीतली काडी ओढली. पहिली विझली, दुसरी विझली, तिसरीनं वात पकडली. ती जमिनीवर पालथी पडली आणि बादली त्याच्या शेजारून खाली सोडू लागली. त्याच्या कमरेपाशी ज्योत पिवळीधमक होती. मांडीपाशी होती. गुडघ्यापाशी ती थरथरली आणि गेली.

धनपालनं खाली बघितलं. मग त्याच्या तोंडून अगदी बारीक आवाजात आप्पांचे शब्द आले, "विझला तर उतरायचं न्हाई."

शैलजानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मुबारकभाईंनी बखोट धरलं, आणि तो वर आला. जमिनीवर बसला. कपाळावरचा दिवा तसाच चालू होता आणि शैलजाच्या डोळ्यांत उजेड घुसत होता. त्यानं तो काढून ठेवला, आणि बहीण-भाऊ दोघंही हमसून हमसून रडले. मृण्मयी दाराशी उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं दाखवत होती. तिचेही डोळे पुसायचे राहिले होते.

दुपारी कार्यालयात मृण्मयीनं प्रात्यक्षिकाचा अर्ज उघडला. "नियमानं तुम्ही नापास आहात. यापेक्षा वेडगळ नियम मी पाहिला नाही, आणि तो करणाऱ्यांत मीही होते." मग तिनं नोटिसांच्या चौकशीचा अर्ज उघडला. "इथे कारण निवडायचं आहे. मी 'यंत्राचा दोष' लिहिते. तो आहेच. तुमचं नाव येणार नाही."

शैलजानं टॅब स्वतःकडे ओढला.

"यंत्रानं जे दिसलं ते सांगितलं. त्यावर सही माझी होती. वाचून बघायचं काम माझं होतं." आणि कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: न वाचता सही केली. खाली नाव घातलं.

प्रमाणपत्र गेलं. सहा महिने ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसली. वाटलं होतं तितकं ते वाईट नव्हतं. नव्या बाळांची नावं वाचायला मजा यायची, आणि ती प्रत्येक कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची, त्यामुळे खिडकीपुढची रांग मात्र वाढली. संध्याकाळी नव्यानं साठ तास भरत होती. दरम्यान मृण्मयीनं पुण्यात आकाशपाताळ एक केलं. पाच टक्क्यांचा नियम गेला. घनदर्शक अरुंद तोंडाची आणि सुटलेल्या पोटाची पोकळी ओळखायला शिकला. तशी दिसली, की तो आता नोटीस काढत नाही, पडद्यावर 'माणूस पाठवा' एवढंच लिहितो. आणि राज्यातल्या प्रत्येक मूल्यांककाच्या साठ तासांत दोन तास नवे आले: जमिनीखालच्या जुन्या जागांची तपासणी. जागा सावरपेठ, प्रत्यक्ष हजेरी सक्तीची.

हे दोन तास शिकवायला अर्थातच शैलजाला बोलावणं आलं. तिथेच गंमत झाली. स्वतः शिकवलेले तास स्वतःच्या खात्यात धरत नाहीत, असा नियम निघाला. शिकवलं तर तिचे अठ्ठावन्नच भरणार. तेव्हा शिकवायला दुसरं माणूस पाहिजे, ज्याला पेव माहीत आहे, कंदील माहीत आहे आणि कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

पहिल्या वर्गाला तीस जण आले. धनपाल शेडबाळ्यांच्या मागच्या खोलीत, पेवाभोवती लोखंडी कठडा लावून, सगळे दाटीवाटीनं उभे होते. आप्पांच्या कंदिलातला बल्ब काढून त्यात पुन्हा वात घातली होती. पहिल्या रांगेत शैलजा वही-पेन घेऊन उभी होती, तिच्या शेजारी मृण्मयी. तिलाही हे दोन तास लागणारच होते.

"बॅटरी खोटं बोलत न्हाई," धनपाल म्हणाला, "पण विचारलंय तेवढंच सांगती. कंदील न विचारलेलं सांगतो. मगदूमबाई, सोडा."

तिनं दोरी सोडली. तीस माणसं श्वास रोखून बघत राहिली. ज्योत खाली गेली, बारीक झाली, विझली. कोणीतरी "बाप रे" म्हणालं. मग प्रत्येकानं ते स्वतःच्या हातानं करून पाहिलं, पुण्या-मुंबईच्या साहेबांनीसुद्धा, आणि दोन तास कधी संपले ते कळलं नाही.

शेवटी हजेरीचे कागद सहीला आले. शिक्षक म्हणून सही धनपालची. एकेकाचा कागद तो भरत गेला. सगळ्यात शेवटी शैलजानं आपला कागद पुढे केला. प्रात्यक्षिक ती आधीच पास झाली होती; साठावा तास या कागदावर होता. एक सही, की प्रमाणपत्र परत.

धनपालनं पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि कागद उजेडाकडे धरला.

"दादा, कर की सही. सगळे खोळंबलेत."

"थांब गं शैला," तो म्हणाला. "आधी वाचू दे."